दारात सापडलं

८ सप्टेंबर, रविवार

पत्राच्या वर काय लिहावं यातच अर्धी सकाळ गेली. 'चिरंजीव' लिहिलं, खोडलं. 'प्रिय' लिहिलं, तेही खोडलं. आपल्या घरात तो शब्द कुणी कुणाला वापरल्याचं आठवत नाही. म्हणून वर काहीच नाही.

तुझा पत्ता मावशीने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मीच हात धुऊन तिच्या मागे लागले होते. ती म्हणाली, तू लिफ्ट दुरुस्त करतोस आणि बाराव्या मजल्यावर राहतोस. बरं आहे. लिफ्ट बंद पडली तर शिव्या द्यायला दुसरा माणूस शोधायला नको.

माझं ठीक चाललं आहे. गुडघे कुरकुरतात, पण कामावर जाते. वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून अजून फाटकी पुस्तकं शिवते. तीच खोली, तोच खळीचा वास, तोच लोखंडी दाबयंत्राचा दांडा. फक्त तो फिरवायला आता दोन हात लागतात. नवीन ग्रंथपाल आल्या आहेत. वयाने तुझ्याहून लहान, मला काकू म्हणतात आणि दिवसातून तीन नव्या कल्पना काढतात. सध्याची कल्पना अशी की दर शनिवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या सभागृहात मोफत चित्रपट. एका जुन्या संगीतकाराचं आयुष्य, सहा भागांत. खुर्च्या मांडणं, खिडक्यांना काळे पडदे लावणं, दिवे घालवणं हे माझ्याकडे. बाई म्हणाल्या, वीस माणसं आली तरी पुष्कळ झालं. काल बेचाळीस आली. निम्मी फुकट आहे म्हणून, उरलेली पंखे आहेत म्हणून.

पहिल्या भागात संगीतकार लहान असतो. आईबाप वारलेले, काका सांभाळतो. काकाच त्याचा गुरू. छान काढलंय. घोडागाड्यासुद्धा खऱ्या वाटतात.

प्रत्येक भागाआधी दहा मिनिटं कुणीतरी माहिती सांगावी असं ठरलं. गावात त्यातलं कळणारा माणूस एकच, तुझे पियानोचे सर. तुला हे आवडायचं नाही, पण लपवून कशाला ठेवू. एकाहत्तर वर्षांचे झाले, तरी ताठ चालतात. अजून तसेच हळू बोलतात, त्यामुळे सगळे पुढे वाकून ऐकतात.

नऊ वर्षांपूर्वी तू आलास तेव्हा मी त्यांना चहाला बोलावलं होतं. तू अर्धा कप तसाच ठेवून उठलास आणि बॅग घेऊन निघून गेलास. का, ते मला आजवर कळलं नाही. तू कधी काही बोललाच नाहीस.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

तुझी आई

१६ सप्टेंबर, सोमवार

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी टपालपेटी दोनदा उघडली.

शनिवारी दुसरा भाग झाला. सरांच्या शेजारी पहिल्या रांगेत एक मुलगी होती, नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत इस्त्री करणारी बाई आहे ना, नवीन, तुला माहीत नसेल, तिची मुलगी. सर तिला फुकट शिकवतात. रोज चार ते सहा. म्हणतात, असा हात वीस वर्षांत पाहिला नाही.

ती मुलगी माझ्या ओळखीची आहे. किड्यांची पुस्तकं नेते. मागच्या महिन्यात माझ्या खोलीत आली आणि विचारलं, "आजी, वाळवी पुस्तक खाते तेव्हा तिला गोष्ट कळते का?" मी म्हटलं, "कळत असती तर शेवटची पानं आधी खाल्ली असती." फार हसली. तोंडावर हात ठेवून हसते, पुढचा एक दात पडलाय.

शनिवारी मात्र ती माझ्याकडे बघून हसली नाही. सरांनी तिचा रेनकोट काढला, त्याची घडी केली, मग तिने बसायचं. सरांनी मान हलवली की तिने उठायचं. बाया म्हणत होत्या, बघा किती वळण लावलंय.

निघताना सर माझ्यापाशी थांबले. "तुमचे लिफ्टवाले कसे आहेत?" म्हणाले. मी म्हटलं, ठीक आहेत. "वाया गेला," ते म्हणाले, "थोडा दम धरला असता तर आज कुठे असता." रुमालाने चष्मा पुसला आणि मुलीचा हात धरून गेले. मनगट धरतात ते, हात नाही.

मी पडदे काढायला लागले. 

शेवटच्या भागानंतर मुलीने सभागृहातला पियानो वाजवायचा असं ग्रंथपाल बाईंनी ठरवलंय. पियानो जुळवायला माणूस येऊन गेला. आत उंदरांनी घर केलं होतं.

आई

२२ सप्टेंबर, रविवार

काल तिसरा भाग झाला. हे पत्र लिहू नये असं वाटत होतं, तरी बसले आहे.

सुरुवातीला सर म्हणाले, "आज जे दिसेल ते पाहून हळहळू नका. त्या काकाने हात आखडता घेतला असता तर आज आपण इथे कुणाचं नाव घेत बसलो असतो? घाव सोसल्याशिवाय दगडाचा देव होत नाही." लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असेन, अंधारात कोण बघतंय.

त्या भागात काका पोराला शिकवतो. पोरगं चुकतं. पुन्हा चुकतं. तिसऱ्यांदा चुकल्यावर काका पियानोचं झाकण आपटतो. बोटं बाहेर निघतात, वेळेवर निघतात, चित्रपटात काही होत नाही. पण आवाज मोठा आला. दोघीतिघी दचकल्या आणि मग हसल्या.

मी दिव्याच्या बटनापाशी उभी होते, तिथून पहिली रांग दिसते. आवाज व्हायच्या आधीच त्या मुलीने दोन्ही हात काखेत दाबले होते. काकाने झाकणाला नुसता हात लावला, तेव्हाच. पुढे काय होणार ते तिला कळलं होतं. सर पडद्याकडे बघत नव्हते. तिच्याकडे बघत होते.

सगळे गेल्यावर खुर्च्या गोळा करायला लागले तर तिची खुर्ची ओली होती. पाणी सांडलं असेल असं मी मोठ्याने म्हणाले. तिथे ऐकायला कुणीच नव्हतं. फडक्याने पुसली, फडकं धुतलं, ग्रंथपाल बाईंना सांगितलं नाही.

तुला कदाचित वाटेल, ही म्हातारी मला हे का लिहिते. मलाही नीट सांगता येत नाही. घरात दुसरं कुणी नाही, आणि मावशीला सांगावं तर ती दुसऱ्या दिवशी चार जणींना सांगते.

आई

१ ऑक्टोबर, मंगळवार

चौथ्या भागाला मुलगी आली नव्हती. सर एकटेच आले. ताप आहे म्हणाले.

काल दुपारी ती माझ्या खोलीत आली. पुस्तक छातीशी दोन्ही कोपरांनी धरलं होतं. टेबलावर ठेवायला वाकली तेव्हा उजव्या हाताचा अंगठा दिसला. पांढरं जाड बँडेज, खाली लाकडाची पट्टी.

मी विचारलं, "काय गं झालं?"

ती म्हणाली, "दारात सापडला."

"कुठल्या दारात?"

"घरच्या. वाऱ्याने लागलं. सरांनीच दवाखान्यात नेलं. सर नसते तर काय झालं असतं."

पाठ केलेला धडा म्हणावा तसं म्हणाली. शब्द, शब्दांचा क्रम, सगळं. हा धडा मला पाठ आहे. बावीस वर्षांपूर्वी मी तो दवाखान्यात म्हटला होता. 'घरच्या दारात सापडली. वाऱ्याने लागलं. सरांनीच आणलं.' तो त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसून शिकवला होता. आत तुझ्या डाव्या हाताची दोन बोटं जुळवत होते, आणि बाहेर मी तीन वाक्यं पाठ करत होते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू कधी काही बोलला नाहीस. ते खोटं आहे. मी ते लिहिताना मला माहीत होतं की ते खोटं आहे. तू बोललास. त्याच संध्याकाळी, स्वयंपाकघरात, प्लास्टर ओलं असताना. तू म्हणालास, "आई, झाकण निसटलं नाही. त्यांनी आधी मला हात ठेव म्हटलं आणि मग पाडलं." मी तुझ्या तोंडात मारली. अकरा वर्षांचा होतास. मी म्हटलं, देवमाणसाबद्दल असं बोलायचं नाही. आणि पंधरा दिवसांनी तुला परत त्यांच्याकडे पाठवलं, उजव्या हाताचा सराव बुडू नये म्हणून.

का, ते सांगते. तुझे बाबा जाऊन पाच वर्षं झाली होती. वाचनालयातली नोकरी मला सरांनी लावून दिली होती, ते तेव्हा समितीवर होते. माझा हात दगडाखाली होता. हे कारण मी स्वतःला इतकी वर्षं देत आले आणि ते खरंही आहे. पण सगळं नाही. त्या वर्षी सर घरी यायचे म्हटलं की मी केस पुन्हा विंचरायचे. मला वाटत होतं, हा माणूस एक दिवस आपल्या घरात राहायला येईल. तू जे सांगितलंस ते खरं मानलं असतं तर ते दार बंद झालं असतं. म्हणून मी तुला खोटं ठरवलं. त्यांनी पुढे कधी तसं विचारलंही नाही. त्यांना ते फक्त दिसत होतं आणि त्यांनी ते वापरलं.

क्षमा मागत नाही. ती मागायची वेळ कधीच निघून गेली. पण तू खरं बोलला होतास, एवढं तुझ्याकडे लिहून राहू दे.

७ ऑक्टोबर, सोमवार

लॉन्ड्रीत जाऊन आले. एवढंसं दुकान, वाफेने भिंती घामेजलेल्या. ती बाई शर्टाची कॉलर इस्त्री करत होती. मी सांगितलं, सगळं, तुझ्या बोटांसकट. तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकलं.

मग म्हणाली, "ताई, तुमच्या मुलाचं झालं त्याचं वाईट वाटतं. पण माझी मुलगी मला सगळं सांगते. अंगठा दारातच सापडला."

"दार तू पाहिलंस?"

"मी इथे होते. माझी सुट्टी सातला." शर्ट उलटा केला. "सर तिला एक पैसा न घेता शिकवतात. माझ्या मुलीने अशा वाफेत उभं राहू नये म्हणून. ती जरा हळवी आहे, हात दुखला की रडते. मी उठून त्यांच्यावर आळ घेऊ?"

 एकेक शब्द माझा होता. तिच्या जागी मी असते तर मीही शर्ट उलटाच केला असता. निघताना तिने मला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाली, "कृपा करून हे दुसरीकडे बोलू नका."

मी बोलले. ग्रंथपाल बाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, "काकू, पुरावा आहे का काही? दवाखान्याचे कागद?" कागद आहेत. कागदावर दार आहे आणि खाली माझी सही आहे.

पाचव्या भागाच्या आधी, परवा शनिवारी, सर माझ्या खोलीत आले. बावीस वर्षांत कधी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. आले आणि दार लावून घेतलं. दाबयंत्रात एक शब्दकोश होता, ताजी खळ लावलेला. ते दांड्यावर हात ठेवून उभे राहिले.

"लॉन्ड्रीत जाऊन आलात म्हणे," नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले.

मी हो म्हटलं.

"बाई, दवाखान्यात खोटं कुणी सांगितलं? मी तर तिथे तोंडही उघडलं नव्हतं." दांडा थोडा फिरवला. पुठ्ठा करकरला. "लोक विचारतील, आई होती, मग बावीस वर्षं काय करत होती? मला तुमची काळजी वाटते. मुलगा आधीच गेलाय. नोकरी आहे, ओळखीपाळखी आहेत. या वयात माणसाने आपलं आहे ते सांभाळावं."

आणखी एक फेरा. मग दांडा सोडला, रुमालाने हात पुसले आणि सभागृहात जाऊन बेचाळीस माणसांना संगीतकाराच्या आजारपणाची माहिती दिली. पहिल्या रांगेत मुलगी होती. बँडेज काढलेलं. अंगठा जांभळा.

शब्दकोश बाहेर काढला तर पाठ मोडली होती. पुन्हा शिवावा लागेल.

मला भीती वाटते. हे कुणाला सांगायला नाही म्हणून तुला लिहिते.

आई

१३ ऑक्टोबर, रविवार

काल शेवटचा भाग होता. सत्तर माणसं होती, मागे उभी सुद्धा. लॉन्ड्रीवाली आली होती, तिसऱ्या रांगेत, कडक इस्त्रीचे कपडे. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

संगीतकार मेला. लोकांनी नाकं पुसली. मी दिवे लावले. ग्रंथपाल बाईंनी सगळ्यांचे आभार मानले आणि मुलीला पुढे बोलावलं. सर तिच्याबरोबर गेले, पियानो उघडला आणि झाकणावर हात ठेवून तिथेच उभे राहिले. मी म्हटलं, आता बाजूला होतील. झाले नाहीत.

मुलगी स्टुलावर बसली. हात मांडीवर.

"हात ठेव," सर म्हणाले.

तिने ठेवले नाहीत.  लहान मुलगी बुजली असेल असं सगळ्यांना वाटलं असावं. मागून कुणीतरी कौतुकाने टाळ्या वाजवल्या.

"हात ठेव." दुसऱ्यांदा. आवाज तेवढाच.

मी काय विचार केला ते सांगता येणार नाही, कारण विचार केलाच नाही. बटनापासून पियानोपर्यंत चौदा पावलं आहेत, खुर्च्या मांडताना मोजलेली. मी चालत गेले, मुलीच्या शेजारी वाकले आणि माझे दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले. काहीतरी बेसूर वाजलं.

मी म्हटलं, "सर, पाडा झाकण."

ते हसले. "बाईंची तब्येत बरी नाही," असं लोकांकडे बघून म्हणाले.

मी हात काढले नाहीत. तशीच वाकून मान वळवली आणि सांगितलं. आवाज फाटत होता, पण मागपर्यंत गेला असेल. म्हटलं, "माझ्या मुलाची दोन बोटं या माणसाने पियानोच्या झाकणाखाली मोडली. दवाखान्यात मी दार म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. मला ते यांनी शिकवलं, आणि मी ते म्हटलं. या मुलीलाही तेच शिकवलंय."

  ग्रंथपाल बाई 'काकू, काकू' करत होत्या.  सरांनी फक्त मुलीकडे पाहिलं. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती तिसऱ्या रांगेत बघत होती.

"आई," तिने विचारलं, "हात ठेवू?"

लॉन्ड्रीवाली बसून होती. तिच्या ओठांवर घाम होता. मला माझ्याच स्वयंपाकघरात उभं असल्यासारखं वाटत होतं. मग ती म्हणाली, "नको. खाली ये."

मुलगी स्टुलावरून उतरली. धावली नाही, सरांच्या बाजूने न जाता पियानोला मागून वळसा घालून गेली. आईने तिचा हात हातात घेतला, अंगठ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि दोघी मधल्या वाटेने बाहेर गेल्या.

सरांनी झाकण अलगद लावलं. रुमालाने पुसलं. "बाईंना विश्रांतीची गरज आहे," म्हणाले आणि खाली उतरले. सात-आठ माणसं त्यांच्याबरोबर चालत गेली. दोघांनी त्यांचा हात हातात घेऊन दाबला. माझ्याजवळून जाताना एक जुन्या ओळखीची बाई म्हणाली, "म्हातारपणी माणसाला काय काय सुचतं."

खुर्च्या मी एकटीनेच आवरल्या.

आई

२४ ऑक्टोबर, गुरुवार

बरंच झालंय, क्रमाने सांगते.

वाचनालय समितीने मला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. सरांनी त्यांना पत्र दिलंय, बदनामीचं. ग्रंथपाल बाई स्वतः घरी येऊन हे सांगून गेल्या. चहा घेतला नाही. जाताना दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काकू, माझी मावसबहीण त्यांच्याकडे दोन वर्षं जायची. मी काल तिला फोन केला. ती काहीच बोलली नाही. फोन ठेवून दिला." आणि रडायला लागल्या.

लॉन्ड्रीवाली गेल्या आठवड्यात आली. आत बोलावलं तर उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "तीन वेळा झालं. अंगठा तिसरा. आधीच्या दोन्ही वेळी ती परत आली तेव्हा मी घरीच होते, आणि मला दिसलं नाही." मी म्हटलं, "तू विचारलंस. मी तेही केलं नव्हतं." तिने तक्रार केली आहे. तिच्या मालकाने तिला सांगितलं, सरांचे कपडे इथेच धुतात, जपून राहा.

सोमवारी मला पोलीस ठाण्यात जबाबाला बोलावलं. टेबलापलीकडे एक बाई होत्या, चाळिशीच्या, चष्मा कपाळावर. सगळं विचारलं. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या मुलाने तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं का?" मी म्हटलं, "सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी. मी त्याला मारलं." त्यांनी पेन थांबवलं. म्हणाल्या, "हे तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं." मी म्हटलं, जाऊ दे, तसंच लिहा. त्यांनी वाचून दाखवलं, मी सही केली. दवाखान्याच्या कागदावर होती तीच सही.

त्यांनी तुझा पत्ता मागितला. मुलाने सांगितलं तर प्रकरण उभं राहील, नाहीतर एका नऊ वर्षांच्या मुलीचा शब्द आणि एका खोटं बोललेल्या बाईचा, असं म्हणाल्या. मी दिला नाही. तुझ्या वतीने मी एकदा बोलले आहे, ते पुरे झालं. त्यांचा नंबर या पत्राच्या मागे लिहिला आहे. फोन करायचा की नाही ते तू ठरव. नाही केलास तरी मी पुन्हा विचारणार नाही. मावशी म्हणते, माझी पत्रं तुला मिळतात. उघडतोस की नाही ते तिला माहीत नाही.

सर घरीच आहेत. त्यांच्यावर अजून कुणी हात टाकलेला नाही. काल बाजारातून येताना त्यांच्या गल्लीतून आले, तर वरच्या खिडकीतून पियानो ऐकू आला. ते स्वतः वाजवत नव्हते. तीन सूर, चौथ्याला अडखळायचं, पुन्हा पहिल्यापासून. लहान हात होता. इतकं सगळं होऊनही कुणीतरी आपलं मूल तिथे पाठवलंय.

घरी बसून काय करायचं म्हणून आज चारला तिथे गेले. त्यांच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडे, विजेच्या खांबापाशी उभी राहिले. साडेचारला सर खिडकीत आले. मला पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले, मग पडदा ओढला. पियानो थांबला होता तो पुन्हा सुरू झाला. चौथ्या सुराला अडखळला. मी कान देऊन उभी होते. गुडघे दुखत होते आणि येणारीजाणारी माणसं बघून बघून जात होती. एकीने मुलाला माझ्यापासून पलीकडच्या बाजूला घेतलं.

सहाला दार उघडलं. सात-आठ वर्षांचा मुलगा बाहेर आला, पाठीवर वह्यांची पिशवी. मी रस्ता ओलांडून गेले आणि म्हटलं, "बाळा, हात दाखव बघू." त्याने मागे वळून दाराकडे पाहिलं आणि मग दाखवले. आधी पालथे, मग उलटे करून. दहाही बोटं मी मोजली. सगळी ठीक होती.

उद्या चारला पुन्हा जाणार आहे.

आई